लसवाटपातील न्याय आणि करारांचा क्रम : कोव्हॅक्स व्यवस्थेची एक चिकित्सा

प्रस्तावना

साथीच्या रोगाला राष्ट्राची सीमा नसते, हे विधान आरोग्यविषयक लेखनात वारंवार आढळते. लसीला मात्र सीमा असते. ती विशिष्ट देशातील विशिष्ट कारखान्यात तयार होते, त्या देशाच्या कायद्याखाली कुपीत भरली जाते आणि बहुधा तयार होण्यापूर्वीच कोणाच्या तरी नावावर नोंदलेली असते. कोविड-१९ च्या काळात लसपुरवठ्यावरून राष्ट्राराष्ट्रांत जे वाद झाले, त्यांचे मूळ या विसंगतीत आहे.

१८ जानेवारी २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक टेड्रोस अधानोम घेब्रेयेसस यांनी संघटनेच्या कार्यकारी मंडळापुढे दोन आकडे ठेवले. त्या दिवसापर्यंत किमान ४९ उच्च उत्पन्न देशांत ३ कोटी ९० लाखांहून अधिक लसमात्रा दिल्या गेल्या होत्या. सर्वांत कमी उत्पन्नाच्या एका देशात मात्र केवळ २५. या स्थितीचे वर्णन त्यांनी नैतिक अपयशाच्या भाषेत केले. वस्तुतः हे घडू नये यासाठीच एप्रिल २०२० पासून कोव्हॅक्स ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभारली जात होती. न्याय्य वाटपाचे सूत्र लिखित स्वरूपात तयार होते, त्याला बहुसंख्य देशांची संमती होती आणि तरीही वाटप त्या सूत्राप्रमाणे झाले नाही.

असे का झाले, याचे प्रचलित उत्तर ‘लस-राष्ट्रवाद’ या एका शब्दात दिले जाते. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. वाटपाचा निर्णय लस तयार झाल्यानंतर घेतला जात नाही. तो खरेदी करार, परवाना करार आणि उत्पादनाचे स्थान यांतून आधीच घेतला गेलेला असतो. कोव्हॅक्सच्या न्यायकल्पनेत या पूर्वनिर्णयाला स्थान नव्हते, ही तिची मूलभूत मर्यादा होय. प्रस्तुत लेखात या मर्यादेची चिकित्सा केली असून, त्यासाठी कोव्हॅक्सपूर्वीचा अनुभव, २०२०-२०२२ या काळातील प्रमुख वाद आणि २०२५ चा महासाथ करार यांचा क्रमाने विचार केला आहे.

१. पूर्वेतिहास : इंडोनेशियाचा आक्षेप आणि २००९ ची साथ

लसवाटपाचा वाद कोविडने निर्माण केला नाही. २००७ च्या सुमारास इंडोनेशियाने एच-५-एन-१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणे थांबवले. त्या वेळी या रोगाने सर्वाधिक मानवी मृत्यू इंडोनेशियात होत होते. तत्कालीन आरोग्यमंत्री सिती फदिला सुपारी यांचा आक्षेप साधा होता. इंडोनेशिया विषाणूचे नमुने विनामूल्य देतो. त्यांच्या आधारे परदेशी कंपनी लस विकसित करते. आणि ती लस इंडोनेशियाला परवडत नाही. १९९२ च्या जैवविविधता करारातील जनुकीय संसाधनांवरील सार्वभौम हक्काचे तत्त्व येथे विषाणूला लावण्यात आले. जागतिक सुरक्षेशी खेळ चालवल्याची टीका इंडोनेशियावर झाली. परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न नाकारता आला नाही. दीर्घ वाटाघाटींनंतर मे २०११ मध्ये महासाथ-इन्फ्लुएन्झा पूर्वतयारी आराखडा मंजूर झाला. विषाणूचा नमुना हवा असलेल्या उत्पादकाने मोबदल्यात काही लसमात्रा किंवा अन्य लाभ बांधून द्यावेत, असे कराराचे बंधन त्यातून प्रथमच निर्माण झाले. तथापि हा आराखडा इन्फ्लुएन्झापुरता मर्यादित राहिला. कोरोनाविषाणू त्याच्या कक्षेत येत नव्हता.

या वाटाघाटी चालू असतानाच २००९ ची एच-१-एन-१ साथ आली. श्रीमंत देशांनी उत्पादकांशी आगाऊ खरेदी करार केलेले असल्याने उपलब्ध क्षमता मुख्यतः त्यांच्याकडे गेली. ऑस्ट्रेलियातील उत्पादकाला स्वदेशाची गरज भागवूनच अमेरिकेला लस पाठवता आली. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत देणगीच्या ७ कोटी ८० लाख मात्रा ७७ देशांना मिळाल्या. पण हा पुरवठा सुरू झाला तो २०१० च्या आरंभी. महाराष्ट्राला या विलंबाचा अनुभव आहे. या साथीतील भारतातील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात नोंदवला गेला. भारतीय कंपन्यांच्या लसी मात्र २०१० च्या मध्यास बाजारात आल्या आणि ऑगस्ट २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर केले. म्हणजेच करार, निर्यातीवरील निर्बंध आणि उशिरा येणारी देणगी ही २०२१ मधील तिन्ही लक्षणे दहा-बारा वर्षे आधीच दिसून आली होती.

२. कोव्हॅक्सची न्यायकल्पना

गावी, सेपी आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी संयुक्तपणे कोव्हॅक्सची उभारणी केली. युनिसेफने वितरणाची जबाबदारी घेतली. सर्व देशांनी एकत्र येऊन खरेदी करावी, उच्च उत्पन्न देशांनी स्वतःचा खर्च उचलावा, ९२ अल्प व मध्यम उत्पन्न देशांसाठी देणगीतून निधी उभारावा आणि २०२१ च्या अखेरीस २०० कोटी मात्रा उपलब्ध कराव्यात, अशी ही योजना होती. सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वाटप आराखड्यात दोन टप्पे सांगितले होते. पहिल्या टप्प्यात प्रत्येक देशाला लोकसंख्येच्या २० टक्क्यांपर्यंत समप्रमाणात लस द्यावयाची. दुसऱ्या टप्प्यात रोगाचा धोका आणि आरोग्यव्यवस्थेची दुर्बलता पाहून प्राधान्य ठरवावयाचे.

या सूत्रावर तात्त्विक टीका लगेच झाली. इझिकिएल इमॅन्युएल व सहकाऱ्यांनी सप्टेंबर २०२० मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकातून असा मुद्दा मांडला की, समान प्रमाण म्हणजे समान न्याय नव्हे. जेथे लसीने अधिक अकाली मृत्यू टळतील तेथे ती आधी जावयास हवी. या टीकेत तथ्य आहे. साथ आटोक्यात असलेल्या देशाला आणि रुग्णालये भरून गेलेल्या देशाला एकाच मापाने मोजणे हे समतेचे बाह्य रूप होय. या समप्रमाणाची राजकीय बाजूही लक्षात घ्यावी लागते. श्रीमंत देशांनी व्यवस्थेत यावे म्हणून त्यांनाही २० टक्क्यांचा वाटा देऊ केला गेला. याचा परिणाम फेब्रुवारी २०२१ च्या प्राथमिक वाटप यादीत दिसला. लोकसंख्येच्या कित्येक पट मात्रांची स्वतंत्र मागणी नोंदवलेल्या कॅनडाच्या नावावर कोव्हॅक्समधूनही सुमारे १९ लाख मात्रा दाखवण्यात आल्या होत्या.

तथापि कोव्हॅक्सची खरी अडचण या सूत्रात नव्हती. २० टक्क्यांऐवजी अधिक न्याय्य सूत्र असते तरी ते लागू करण्यासाठी हाती लस असणे आवश्यक होते. वाटपाचे सूत्र तयार होते. वाटण्याजोगा साठा इतरांच्या नावावर होता.

३. करारांची रांग

अमेरिकेने फायझरशी १० कोटी मात्रांचा करार जुलै २०२० मध्ये केला. कोव्हॅक्सचा त्याच कंपनीशी ४ कोटी मात्रांपर्यंतचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. सहा महिन्यांचे हे अंतर केवळ प्रशासकीय विलंबाचे नाही. लस यशस्वी होईल की नाही हे ठाऊक नसताना मोठी रक्कम गुंतवण्याची क्षमता ज्याच्याकडे होती, त्याला रांगेत पुढचे स्थान मिळाले. कोव्हॅक्सला आधी देणगीदार शोधावे लागले, मग करार करता आले. कंपन्यांच्या बाजूने असे म्हणता येईल की, ज्यांनी जोखीम घेतली त्यांना प्राधान्य देणे व्यापारी न्यायाला धरून आहे. हा युक्तिवाद मान्य केला तरी त्यातून एवढेच सिद्ध होते की, रांगेचा क्रम पैशाने ठरला; गरजेने ठरला नाही.

करार केलेल्या श्रीमंतांमध्येही वाद झालेच. युरोपीय संघाने ऑगस्ट २०२० मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाशी ३० कोटी मात्रांचा करार केला होता. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने पहिल्या तिमाहीतील पुरवठा मोठ्या प्रमाणात घटणार असल्याचे कळवले. करारात कंपनीने ‘सर्वोत्तम वाजवी प्रयत्न’ करण्याचे वचन दिले होते. ब्रिटनमधील कारखान्यांतील उत्पादन या वचनात येते की नाही, यावर वाद पेटला. २९ जानेवारी २०२१ रोजी संघाने निर्यात-परवानगीची अट लागू केली आणि ४ मार्च रोजी इटलीने ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या अडीच लाख मात्रा रोखल्याचे उघड झाले. १८ जून रोजी ब्रुसेल्स येथील न्यायालयाने २७ सप्टेंबरपर्यंत ५ कोटी मात्रा टप्प्याटप्प्याने देण्याचा आदेश दिला आणि न दिलेल्या प्रत्येक मात्रेमागे १० युरो दंड ठरवला. निकालानंतर दोन्ही पक्षांनी आपलाच विजय झाल्याचे सांगितले. सप्टेंबर २०२१ मध्ये तडजोड झाली. या वादातील लक्षणीय बाब अशी की, युरोपीय संघाकडे निदान करार होता, न्यायालय होते आणि दंडाची तरतूद होती. कोव्हॅक्समधील गरीब देशाला उशिरा लस मिळाली तर त्याने कोणत्या न्यायालयात जावे, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव याहून बोलका आहे. या देशातील नागरिक लसीच्या चाचण्यांत सहभागी झाले होते. जॉन्सन अँड जॉन्सनची लस कुपीत भरण्याचे काम तेथील अ‍ॅस्पेन कंपनीच्या कारखान्यात होत होते. तरीही तेथे भरलेल्या लाखो मात्रा युरोपला जात असल्याचे आणि करारानुसार त्यांच्या निर्यातीवर बंधन घालण्याचा आपला अधिकार दक्षिण आफ्रिकेने सोडून दिल्याचे ऑगस्ट २०२१ मध्ये उघड झाले. टीकेनंतर ही व्यवस्था बदलण्यात आली. किमतीबाबतही हेच दिसते. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीसाठी युरोपीय संघाने प्रतिमात्रा सुमारे २ डॉलर मोजले असताना दक्षिण आफ्रिकेला सुमारे सव्वापाच डॉलरचा भाव सांगण्यात आला. संशोधनात गुंतवणूक न केल्याचे कारण त्यासाठी देण्यात आले. हे करार नागरिकांना पाहावयास मिळाले ते प्रिटोरिया येथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये तसा आदेश दिल्यानंतर. गोपनीयतेमुळे एका खरेदीदाराला दुसऱ्याची अट कळत नाही आणि दुर्बल खरेदीदाराची घासाघीस करण्याची शक्ती आणखी क्षीण होते, हे येथे अधोरेखित करावे लागेल.

४. पुण्यातील कारखाना आणि निर्यातीचा प्रश्न

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सची पहिली खेप घानाची राजधानी आक्रा येथे उतरली. त्यातील ६ लाख मात्रा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेत तयार झालेल्या होत्या. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी प्रचंड उत्पादनक्षमता आणि अल्प किंमत यांमुळे कोव्हॅक्सचा मुख्य आधार बनली होती. अ‍ॅस्ट्राझेनेकाचा परवाना आणि प्रतिमात्रा कमाल ३ डॉलर किमतीच्या अटीवर मिळालेला आगाऊ निधी यांवर ही योजना उभी होती. परंतु एका खंडाच्या अपेक्षा एका शहरातील कारखान्यावर टेकवणे हे धोक्याचे होते.

भारताने २० जानेवारी २०२१ पासून ‘लस मैत्री’ उपक्रमांतर्गत परदेशी लस पाठवण्यास प्रारंभ केला. एप्रिलपर्यंत सुमारे ६ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. त्यांपैकी सुमारे १ कोटी भेटीदाखल आणि सुमारे २ कोटी कोव्हॅक्सला मिळाल्या. निम्म्याहून अधिक व्यापारी विक्रीच्या होत्या. त्यानंतर दुसऱ्या लाटेने देशाला घेरले आणि निर्यात थांबली. मार्च व एप्रिल या दोन महिन्यांत कोव्हॅक्सला सीरमकडून अपेक्षित असलेल्या सुमारे ९ कोटी मात्रांचा पुरवठा लांबला. कोव्हॅक्सकडे पुन्हा निर्यात सुरू झाली ती नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस.

या निर्णयाचे मूल्यमापन सावधपणे करावयास हवे. प्राणवायू आणि खाटा यांसाठी नागरिक वणवण करीत असताना कोणत्याही लोकनियुक्त शासनाला लस बाहेर पाठवणे शक्य झाले नसते. जागतिक व्यापाराचे नियमही टंचाईच्या काळात जीवनावश्यक वस्तूंच्या निर्यातीवर तात्पुरते बंधन घालण्यास मुभा देतात. तसेच भारताचे उत्पादनही सर्वस्वी भारताच्या हातात नव्हते. गाळण्या, एकदाच वापरावयाच्या पिशव्या इत्यादी साहित्य अमेरिकेच्या संरक्षण उत्पादन कायद्याच्या अंमलबजावणीमुळे अडल्याची जाहीर तक्रार सीरमच्या प्रमुखांनी एप्रिल २०२१ मध्ये केली होती. याउलट घानातील किंवा केनियातील आरोग्यसेविकेचा प्रश्नही तितकाच खरा होता. पहिली मात्रा घेतल्यावर दुसरी मिळेल की नाही, याची शाश्वती तिला उरली नाही. दोन्ही बाजूंची गरज रास्त असताना जी व्यवस्था दोघांपैकी एकाला वाऱ्यावर सोडते, त्या व्यवस्थेची रचना सदोष मानली पाहिजे.

महाराष्ट्रातही याच दोषाचे लहान रूप पाहावयास मिळाले. मे २०२१ मध्ये राज्याला १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण थांबवून उपलब्ध मात्रा ४५ वर्षांवरील नागरिकांच्या दुसऱ्या मात्रेकडे वळवाव्या लागल्या. मुंबई महानगरपालिकेने १ कोटी मात्रांसाठी जागतिक निविदा काढली. तिजोरीत पैसा होता, पण निविदेतून लस मिळाली नाही. रांग आधीच भरलेली असताना उशिरा आलेल्या खरेदीदाराची अवस्था काय होते, याचे हे स्थानिक उदाहरण होय.

पुढे टंचाई सरली तेव्हा देणग्यांचा ओघ सुरू झाला. पण देणगी ही देणाऱ्याच्या सोयीने येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आफ्रिकी संस्था आणि कोव्हॅक्स यांनी संयुक्त निवेदनाद्वारे तक्रार केली की, लस पूर्वसूचनेविना आणि मुदत संपत आलेली असताना येते. पुढच्याच महिन्यात नायजेरियाला मुदत संपलेल्या १० लाखांहून अधिक मात्रा नष्ट कराव्या लागल्या.

५. बौद्धिक संपदा : हक्क आणि क्षमता

उत्पादनाचे केंद्रीकरण हे दुखण्याचे मूळ असेल, तर उत्पादन विकेंद्रित का झाले नाही, हा प्रश्न उरतो. २ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेत ट्रिप्स करारातील काही तरतुदी साथीपुरत्या स्थगित करण्याचा प्रस्ताव मांडला. युरोपीय संघ, ब्रिटन, स्वित्झर्लंड इत्यादींनी त्याला विरोध केला. अमेरिकेने मे २०२१ मध्ये लसीपुरता पाठिंबा दर्शवला. प्रत्यक्ष निर्णय १७ जून २०२२ रोजी झाला, तेव्हा लसीची जागतिक टंचाई ओसरली होती. हा निर्णय केवळ लसीच्या पेटंटपुरता आणि पाच वर्षांसाठी होता. औषधे व निदानसाधनांपर्यंत तो वाढवण्याबाबत २०२४ पर्यंतही एकमत झाले नाही.

विरोधकांचा युक्तिवाद असा होता की, पेटंट स्थगित केल्याने लस तयार होत नाही. त्यासाठी प्रक्रियेचे ज्ञान, कच्चा माल आणि प्रशिक्षित मनुष्यबळ लागते. हे विधान तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष विरोधकांना हवा तसा नाही. ज्ञान हा अडसर असेल, तर ज्ञानाचे हस्तांतरण अपरिहार्य ठरते. केपटाऊन येथील आफ्रिजेन या कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, मॉडर्नाच्या लसीची प्रसिद्ध झालेली जनुकीय संरचना वापरून आणि त्या कंपनीच्या मदतीविना २०२२ च्या आरंभी एमआरएनए लसीचा नमुना सिद्ध केला. क्षमता निर्माण होऊ शकते, हे यातून दिसले. मूळ कंपनीच्या सहकार्याविना ती किती उशिरा होते, हेही दिसले.

६. २०२५ चा महासाथ करार : काय बदलले?

कोव्हॅक्स ३१ डिसेंबर २०२३ रोजी बंद झाले. तोपर्यंत १४६ देश व प्रदेशांना जवळपास २०० कोटी मात्रा पोहोचल्या होत्या. हे कार्य लहान नव्हे. अनेक देशांना त्याविना लस मिळालीच नसती. तथापि २०२१ च्या अखेरीचे उद्दिष्ट दोन वर्षे उशिरा गाठले गेले आणि साथीत कालावधीलाच अधिक मोल असते.

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य परिषदेने महासाथ करार स्वीकारला. त्याच्या १२ व्या कलमात रोगजंतूंची उपलब्धता आणि लाभवाटप यांची सांगड घातली आहे. व्यवस्थेत सहभागी उत्पादकांनी महासाथीच्या काळात प्रत्यक्ष उत्पादनाच्या २० टक्के भाग जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करण्याचे लक्ष्य असून प्रत्यक्ष उत्पादनाचा किमान १० टक्के भाग देणगीदाखल आणि उर्वरित परवडणाऱ्या किमतीत द्यावयाचा आहे. २० हा आकडा कोव्हॅक्समध्येही होता. पण दोन्हींच्या अर्थात महत्त्वाचा फरक आहे. कोव्हॅक्सचे २० टक्के लोकसंख्येचे होते, म्हणजे ती मागणी होती. नव्या कराराचे २० टक्के उत्पादनाचे आहेत, म्हणजे तो पुरवठ्यातील राखीव वाटा आहे. इंडोनेशियाने २००७ मध्ये मांडलेला मुद्दा इन्फ्लुएन्झाच्या पलीकडे नेण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह होय.

दोन शंका मात्र उरतात. पहिली, उर्वरित ८० टक्के उत्पादन पूर्वीप्रमाणेच करारांच्या रांगेत राहील. दुसरी, लाभवाटपाचा तपशील ठरवणारे परिशिष्ट कराराबरोबर मंजूर झाले नाही. ते पुढील वाटाघाटींवर सोपवण्यात आले आणि ते स्वीकारले गेल्याविना करार स्वाक्षरीसाठी खुला होणार नाही, असे ठरले. ज्या मुद्द्यावर खरा वाद आहे तोच पुढे ढकलला गेला. शिवाय मोठे लसउत्पादक ज्या देशात आहेत त्या अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची सूचना दिली होती, हेही विसरता येत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कोव्हॅक्सचे अपयश मुख्यतः वाटपसूत्राचे नव्हते. खरेदीचा क्रम, परवान्याच्या अटी आणि उत्पादनाचे स्थान यांवर त्या व्यवस्थेचे नियंत्रण नव्हते आणि वाटप प्रत्यक्षात त्यांनीच ठरवले.

२) निर्यातबंदीकडे केवळ नैतिक दोष म्हणून पाहणे अपुरे आहे. उत्पादन मोजक्या ठिकाणी एकवटलेले असेल तोवर संकटकाळी कोणताही देश तोच मार्ग पत्करील. आफ्रिकेने आपल्या गरजेच्या ६० टक्के लसी २०४० पर्यंत स्वतः तयार करण्याचे ठेवलेले उद्दिष्ट या दृष्टीने कोणत्याही देणगीपेक्षा महत्त्वाचे आहे.

३) देणगी आणि हक्क यांत कालावधीचा भेद असतो. देणगी टंचाई सरल्यावर येते. हक्काची पूर्तता टंचाईतच करावी लागते. त्यामुळे गरीब देशांचा वाटा साथ येण्यापूर्वीच उत्पादकाशी झालेल्या करारात बंधनकारक स्वरूपात नोंदला गेला पाहिजे.

४) सार्वजनिक पैशाने झालेले लसखरेदी करार सार्वजनिक असावेत. दक्षिण आफ्रिकेत त्यासाठी न्यायालयात जावे लागले, ही वस्तुस्थिती अन्य देशांतील नागरिकांनी आणि अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि वाणिज्य या तिन्ही शाखांच्या अध्यापनात जागतिक संस्थांचा परिचय त्यांच्या उद्दिष्टांच्या आधारे करून दिला जातो. लसवाटपाचा हा इतिहास असे सुचवतो की, उद्दिष्टांबरोबर करारांची कलमेही वर्गात वाचली गेली पाहिजेत. पुण्यात तयार झालेली मात्रा आक्र्याला केव्हा पोहोचेल आणि पुण्यातील नागरिकाला केव्हा मिळेल, हे २०२१ मध्ये त्या कलमांतून आणि ती बाजूला सारण्याची सत्ता ज्यांच्या हाती होती त्यांच्या निर्णयांतून ठरत होते.